झरीच्या खळ्यावरची राखण

डहाणूकडे जाऊन आले म्हटलं की लोक आधी विचारतात, चिकू आणलेस का? नाही आणले. मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत मी तीनदा तिकडे गेले आणि तिन्ही वेळा हातात बॅटऱ्या, वायरी आणि विद्यापीठाचे फॉर्म होते. मी भूकंपशास्त्रात पीएचडी करते. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात गेली काही वर्षं जमीन अधूनमधून हादरते. बहुतेक धक्के भांडी वाजवण्यापुरतेच असतात, पण थांबत म्हणून नाहीत. तीन ठिकाणी यंत्रं ठेवून त्यांची सलग नोंद घ्यायची आणि ते किती खोलवरून येतात ते शोधायचं, एवढंच माझं काम. कागदावर ते एका ओळीत मावतं.

मी लातूरकडची. माझ्या जन्माआधी आमच्या भागात जमीन हलली तेव्हा दोन-दोन हात जाडीच्या दगडी भिंतींनी माणसं मारली. त्यात माझी मावशी गेली. आई अजूनही झोपताना दाराला आतून कडी लावत नाही. मी हा विषय घेतला तेव्हा मामा म्हणाला, "झालं, आता ही धरणीला जाब विचारायला निघाली." जाब विचारायला तीन वर्षं मिळतात. मी एकदा मुदत वाढवून घेतली होती आणि दुसऱ्यांदा मिळणार नव्हती.

तलासरी

महामार्गावरची बस तलासरीला थांबते, पण कंडक्टरला आठवण राहिली तर. आमच्या कंडक्टरला ती पूल ओलांडून बरंच पुढे गेल्यावर झाली. पाठीवर यंत्र आणि दोन्ही हातांत बॅटऱ्या घेऊन मी ट्रकच्या धुळीतून उलटी चालत आले. चहाच्या टपरीवरच्या बाईंनी ओझं बघून विचारलं, "काय बेन, इन्व्हर्टर हाय का?"

भूकंपाचं यंत्र आहे म्हटल्यावर त्यांनी चहा गाळायचा थांबवला. "म्हणजे हालायच्या आधी वाजणार?"

"नाही हो. हलल्यावर लिहून ठेवणार."

"हालल्यावर तर आमाला पण कळते," असं म्हणून त्यांनी कप पुढे केला. शेजारी बसलेले दोघं पोट धरून हसले आणि मीही हसले. पण मनाशी एक गाठ मारली. यंत्र वाजेल, आपल्याला उठवेल, या भरवशावर कुणी गाफील राहिलं तर पाप माझ्या माथी. म्हणून जिथे जिथे यंत्र ठेवलं तिथे तिथे मी हे पाढ्यासारखं घोकून घेतलं: यंत्र वाजत नाही, वाचवत नाही, फक्त लिहितं. पहिलं यंत्र तिथल्याच एका कचेरीच्या कोठीत बसवलं, दुसरं सायवनच्या शाळेत. तिसरं झरीला न्यायचं होतं.

झरी

झरीच्या एका पाड्यावर देवरामचं घर आहे. देवराम हद्दीपलीकडे गुजरातेत एका कारखान्यात पाळीवर जातो. घरी बायको सुनंदा आणि आई लखमीबाय. लखमीबायचं वय तिलाही ठाऊक नव्हतं. अंगात पसाभर मांस नसेल, पण चाल अशी की शेअर रिक्षा सोडते तिथून घरापर्यंत बांधाबांधाने तिच्या मागून जाताना मला धाप लागली. माझी एक बॅटरी तिनं डोक्यावर घेतली होती. मधेच वळून म्हणाली, "तुमच्या गावाला चालत नाय काय पोरी?"

त्यांची घरं दोन. जुनं कुडाचं, म्हणजे कारवीच्या काटक्या उभ्या लावून त्यावर शेणमाती लिंपलेलं. आणि त्याला लागून सरकारी योजनेतलं घरकुल: विटांच्या चार भिंती, वर पत्रा, वाऱ्यानं उडू नये म्हणून पत्र्यावर दगड. कूड धक्क्याला डोलतो, आणि पडलाच तर अंगावर काटक्या पडतात. विटांना डोलता येत नाही. घरकुलाची एका बाजूची उंच त्रिकोणी भिंत वर कशालाच बांधलेली नव्हती. मी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "या पक्क्या घरात कुणी झोपायचं नाही."

"नायच झोपत, मॅडम," देवराम म्हणाला. "धरतरी हालाया लागली तवापास्नं तिथं भातच ठेवतो."

पण यंत्राला घट्ट जमीन लागते. कुडाच्या घरात शेणानं सारवलेली भुई होती आणि घरकुलात सिमेंटचा कोबा. माणसांसाठी कुडाचं घर बरं आणि यंत्रासाठी विटांचं, असं मी वहीत लिहिलं. लिहिताना ते मला फार हुशारीचं वाटलं होतं. दारातल्या वर्दळीनं नोंद बिघडू नये म्हणून यंत्र आतल्या कोपऱ्यात ठेवलं, त्या त्रिकोणी भिंतीच्या पायाशी. फॉर्मसाठी खोलीचा नकाशा काढायचा होता. लखमीबाय माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "घराचा फोटू हातानं काढतंस काय?" दाराच्या आतल्या बाजूला मी ठळक पेनानं माझा मोबाईल नंबर लिहिला आणि वर लिहिलं: यंत्राला काही झाल्यास फोन करा.

संध्याकाळी नाचणीची भाकर आणि सुक्या बोंबलाचं कालवण झालं, वर कोरा चहा. बोंबलाची ती माझी पहिलीच ओळख, आणि ती काही फारशी जमली नाही. सुनंदा तोंडाला पदर लावून हसत होती. जेवण झाल्यावर लखमीबाय गोधडी काखेत मारून खळ्याकडे निघाली. खळ्यावर झोडलेल्या भाताच्या दोन राशी होत्या, एक त्यांची आणि एक शेजाऱ्याची. शेजाऱ्याचं खळं त्या वर्षी सारवलंच नव्हतं.

"मग राखायला शेजारी नाही येत?" मी विचारलं.

"तो कशाला येल? भात माझ्या खळ्यात हाय ना? ज्याचा खळा त्याची राखण."

आमच्याकडे ज्याची रास त्याचा माणूस राशीवर झोपतो, आणि तरी सकाळी माप कमी भरलं म्हणून भांडणं होतात. दुसऱ्याच्या खळ्यात माल टाकून घरी घोरत पडायची छाती कुणाची नाही. मला ही रीत फार आवडली. मी ती वहीत उतरवून घेतली, त्याच पानावर, कोब्याच्या नोंदीखाली.

सायवन, आणि पुन्हा झरी

माघात नोंदी उतरवून आणायला गेले. सायवनला शाळेच्या कोठीची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई लग्नाला गेलेला. दिवसभर मी व्हरांड्यात बसून राहिले. तिथल्या बाईंनी डब्यातली अर्धी भाकरी मला दिली आणि पीएचडी झाल्यावर पगार किती होतो ते विचारलं. होतोच असं नाही म्हटल्यावर त्यांनी उरलेली भाजीही दिली. तिन्हीसांजेला शिपाई उगवला. त्याच्या कोठीतली नोंद मात्र अखंड निघाली.

झरीची तुटली होती. उंदरानं बॅटरीची वायर कुरतडली होती आणि सतरा दिवस कोरे होते. तीन ठिकाणची नोंद एकाच वेळी असली तरच धक्का कुठून आला ते काढता येतं. एक पाय मोडला की तिवई कुठली उभी राहायला? म्हणजे बाकी दोन ठिकाणचे ते सतरा दिवसही पाण्यात गेले. माझ्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "समिती सलग नव्वद दिवस मागते. आजपासून धरलं तरी मुदतीत जेमतेम बसतंय. आता तुटलं तर माझ्याच्यानं काही होणार नाही."

फोन ठेवला आणि मी त्या कोब्यावर बसून रडले. ऊठसूट रडणारी मी नव्हे, पण त्या दिवशी आवरलं नाही. दारात लखमीबाय आणि सुनंदा उभ्या होत्या.

"काय गेला तिचा?" लखमीबायनं सुनेला विचारलं.

"शिक्षण गेला म्हणते."

"पुन्हा वायर तुटली तर माझं सगळं गेलं," मी नाक पुसत म्हणाले. "तीन वर्षं गेली."

एवढ्यात अंगणावरून घारीची सावली फिरली. लखमीबायनं दोन ढांगांत अंगण गाठलं आणि कोंबडीच्या पिलांवर डालगं उपडं घातलं. घार गेली. ती तशीच परत आली. बांबूचं ते मोठं टोपलं पालथं घालून सगळी पिलं एका झटक्यात आत घ्यायची, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मग दारात उकिडवी बसून ती मला म्हणाली, "उंदराला मी बघते. तू रडू नको."

मला वाटलं, मांजर आणून बांधेल. नाहीतर उंदराचं औषध ठेवेल. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नव्हतं. माझं लक्ष वायर जोडण्यात होतं. "बघा बाई तुम्हीच," मी म्हणाले, आणि नव्यानं यंत्र सुरू केल्याची वेळ वहीत टाकली.

तिसऱ्यांदा झरी

नव्वद दिवस भरल्यावर, चैत्र सरता सरता गेले; तलासरी आणि सायवनच्या नोंदी आधी उतरवून घेतल्या. पळस सरून गेला होता आणि बांधावरचा मोह ठिपकत होता. या खेपेला न्यायला कुणी आलं नाही. वाट पाठ होती, एकटीच गेले.

घरकुलाची त्रिकोणी भिंत आत पडली होती. कोपऱ्यात विटांचा ढीग होता. वरच्या विटा कुणीतरी काढून बाजूला केलेल्या, खाली एक डालगं चेपून वाकडं झालेलं, आणि त्याच्या फटीतून यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकत होता. मी गुडघ्यांवर बसले, डालगं उचललं, वायरी तपासल्या, नोंद चालू आहे ना ते पाहिलं. चालू होती, एक क्षणही तुटलेली नव्हती. माझ्या तोंडून सुटलं, "देवा, वाचले." मग मागे वळून मी सुनंदाला विचारलं, "तुम्ही सगळे बरे ना?" हे या क्रमानं घडलं. लिहायला लाज वाटते, पण असंच घडलं.

"सासू डहाणूला हाय," ती म्हणाली. "सरकारी दवाखान्यात. सा दिवस झाले."

मग तिनं सांगितलं. माघात मी गेले त्या दिवसापासून लखमीबाय रोज दिवस मावळला की गोधडी घेऊन घरकुलात झोपायला जायची. हाताशी काठी घ्यायची, उंदीर फिरकला की आपटायला, आणि रिकामं डालगंही रात्री आत दाराशीच टेकवून ठेवायची. देवरामनं अडवलं, सुनंदानं अडवलं. "मॅडम काय बोलली ते ऐकलास ना, इथं झोपू नको," असं दोघांनी दहादा सांगितलं. तिचं एकच उत्तर होतं: पोरीचा माल आपल्या घरात हाय. ज्याचा खळा त्याची राखण. सहा दिवसांपूर्वी उजाडता उजाडता धक्का बसला आणि भिंत आली. शेजाऱ्यांनी तिला विटांखालून काढलं.

"मला फोन का नाही केला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

सुनंदानं दाराकडे बघितलं. माझी अक्षरं तशीच ठळक होती. "तुम्ही लिहिला हाय, यंत्राला काय झाला तर फोन करा. यंत्राला काय नाय झाला."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

डहाणू

यंत्र उचलून, पाठीवर घेऊनच मी डहाणूला गेले. दवाखान्याच्या फाटकाशी चिकूवाल्या बायका पाट्या मांडून बसल्या होत्या. रिकाम्या हातानं आजाऱ्याला भेटायचं नसतं म्हणून मी एक किलो घेतले. म्हणजे मी चिकू घेतले होते, फक्त घरी आणले नाहीत.

देवराम व्हरांड्यात भेटला. पाळी सोडून आला होता आणि डोळे सुजलेले होते. मांडीचं हाड खुब्याशी मोडलं आहे, तो म्हणाला. ऑपरेशनला गुजरातेत न्यायला सांगतात, पण आई नाही म्हणते. परक्या जागी मरायचं नाही म्हणते.

"पुन्हा चालतील का?"

"डॉक्टर बोलला, नाय." मग म्हणाला, "मॅडम, एक विचारू? भिंत पडेल हे तुमाला ठाव होता. तुमीच आमाला सांगितला. मग यंत्र तिथं कशाला ठेवला?"

"तिथली जमीन घट्ट होती," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. तो माझ्यावर ओरडला नाही, आत जायलाही अडवलं नाही. चिकूची पिशवी हातातून घेतली आणि बाकावर ठेवली.

लखमीबाय खाटेवर होती. पायाला वजन लावलेलं. बांधावरून चालताना तिची पाठच मला जास्त दिसायची. तोंड इतक्या जवळून मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. मला बघून तिनं पहिला प्रश्न विचारला, "तुझा यंत्र चालू हाय ना?"

"चालूच राहिलं. सगळी नोंद आहे."

"मग शिक्षण नाय ना गेला?"

"नाही गेलं." मी खाटेच्या कडेला टेकले. "लखमीबाय, हे माझ्यामुळं झालं. तुम्ही तिथं झोपता हे मला ठाऊक नव्हतं. असतं तर..."

"तुझ्यामुळं काय? मी झोपले होते यंत्राजवळ, झोपेतच भिंत आली. कळला असता तर पळाले नसते काय?" तिनं देवरामकडे पाहिलं. "याला पण तेच सांगते. झोपेत माणसाला काय कळते?"

"आणि ते डालगं?"

"ते रोजच घालते. उंदरासाठी."

मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. झोपेतच झालं, म्हणजे तो दैवाचा भाग, असं मनाशी म्हणायला वाव मिळाला. गाडीची वेळ झाली. निघताना ती म्हणाली, "पुन्हा येशील तवा मला बांधावर न्याया नाय जमायचा. तुझी तू ये." मी हो म्हणाले. स्टेशनपर्यंत मला नीट दिसत नव्हतं.

परत

विद्यापीठात आल्यावर तिन्ही ठिकाणच्या नोंदी संगणकावर घेतल्या. सर आनंदले. झरीची नोंद सगळ्यांत स्वच्छ आहे म्हणाले. प्रबंधाच्या सुरुवातीला घरमालकांचे आभार मानायला विसरू नकोस, हेही सांगितलं. "फक्त रोज संध्याकाळी आणि पहाटे जो गोंगाट येतोय, पावलांचा दिसतोय, तो काढून टाक."

यंत्र सगळंच लिहितं, हे मीच गावोगाव सांगत फिरले होते. जवळ पडलेलं पाऊल रेषेवर मोठा काटा काढतं, लांबचं लहान. मी गोंगाट काढायला बसले. पहिल्या संध्याकाळी दिवस मावळता लहान काटे सुरू होतात, मोठे मोठे होत जातात, मग थांबतात. ती यंत्राशी येऊन बघून जायची. मग काटे उलटे लहान होत जातात आणि दाराजवळ संपतात. तिथे रात्रभर काही नाही. कधीतरी एकच ठोका, काठीचा असावा. सकाळी दोन अगदी लहान काटे, आणि ती बाहेर. दुसऱ्या दिवशी हेच. तिसऱ्या दिवशी हेच. डालग्याचा बोदा ठोका कुठल्याच संध्याकाळी नाही. मी खोलीचा नकाशा काढून शेजारी ठेवला. ती यंत्राजवळ झोपतच नव्हती. ती दाराशी झोपायची. माझं सांगणं तिनं तेवढं ऐकलं होतं.

भिंत पडली ती सकाळ मी सगळ्यांत शेवटी उघडली. तिथे धक्के दोन आहेत. पहिला लहान, भांडी वाजवण्यापुरता. नंतर मिनिटभरानं दुसरा, ज्यानं भिंत पाडली. त्या मिनिटात काटे आहेत, आणि ते मोठे होत जातात. शेवटी एक रुंद, बोदा ठोका. बांबूचं काहीतरी कोब्यावर पालथं घातलं की असाच उमटतो, मी इथे टोपली आपटून पाहिलं. त्यानंतर परतीचे काटे नाहीत.

सर दोनदा विचारून गेले, गोंगाट काढलास का? बाकीचे दिवस काढले. ते एक मिनिट अजून तसंच आहे. देवरामला हे सांगायचं की नाही ते मला कळत नाही. त्याची आई त्याला काय सांगून बसली आहे ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

मी ती पावलं मोजली. यंत्रापर्यंत सात आहेत. दार दोन पावलांवर होतं.